विश्लेषण : सृष्टीचे वय १९७ कोटी वर्षे की १९५ कोटी? कल्प आणि युगांचे गणित आले कुठून?

गुढीपाडव्याला नवे पंचांग उघडले की सुरुवातीच्या पानांवर शक, संवत्सर यांच्यासोबत आणखी दोन आकडे दिसतात. एक ‘गतकली’चा, म्हणजे कलियुग सुरू होऊन किती वर्षे झाली त्याचा. शके १९४७ साठी तो ५१२६ आहे. दुसरा सृष्टीच्या आरंभापासूनच्या वर्षांचा, तब्बल दहा अंकी. दोन वेगवेगळ्या परंपरांची पंचांगे शेजारी ठेवली तर पहिला आकडा जुळतो, दुसरा मात्र कोट्यवधींनी चुकतो. समाजमाध्यमांवर कल्प आणि युगांवरून दोन प्रकारचे संदेश फिरत असतात. ‘आपल्या पूर्वजांना विश्वाचे वय माहीत होते’ हा एक आणि ‘कलियुग संपत आले’ हा दुसरा. ही मोजणी कशी बनली हे पाहिले की दोन्ही दावे डळमळतात. मात्र त्याच मोजणीत एक खरी कामगिरी आहे आणि तिच्याबद्दल हे संदेश काहीच सांगत नाहीत.

संकल्पात नेमके काय सांगितले जाते?

गणपतीची प्रतिष्ठापना असो वा सत्यनारायण, पूजेआधी यजमानाच्या तळहातावर पाणी देऊन गुरुजी संकल्प सांगतात. त्यात स्थळ असते तसा काळही असतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा पहिला चरण. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. पत्र्यावर देश, राज्य, जिल्हा, गाव, गल्ली लिहावी तसा हा काळाचा पत्ता आहे. कोट्यवधी वर्षांच्या उतरंडीतून उतरत तो आजच्या सकाळपर्यंत येतो. बहुतेक यजमानांचे लक्ष आपले गोत्र आठवण्यात असते, त्यामुळे हा भाग ऐकला जात नाही.

एक कल्प म्हणजे किती वर्षे?

मनुस्मृती, महाभारत आणि विष्णुपुराण यांतून जुळवलेला प्रचलित हिशेब असा. कृतयुग ४,८०० दिव्य वर्षांचे, त्रेता ३,६००, द्वापर २,४०० आणि कली १,२०० वर्षांचे. माणसाचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, म्हणून प्रत्येक आकड्याला ३६० ने गुणायचे. कृत १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कली ४,३२,००० वर्षे. चारही मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग. अशी १,००० महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजेच कल्प : ४३२ कोटी वर्षे. रात्रही तेवढीच. अशा अहोरात्रांची ३६० दिवसांची वर्षे आणि तशी १०० वर्षे हे ब्रह्मदेवाचे आयुष्य. सध्या त्याची पन्नाशी उलटली असून एक्कावन्नाव्या वर्षाचा पहिला दिवस चालू आहे.

एका कल्पात १४ मनू होतात. प्रत्येकाचा काळ, म्हणजे मन्वंतर, ७१ महायुगांचे. पण १४ गुणिले ७१ होतात ९९४. उरलेल्या सहा महायुगांचे काय? ती मन्वंतरांच्या मधल्या, आरंभीच्या आणि शेवटच्या अशा १५ संधिकाळांत वाटली आहेत. प्रत्येक संधी एका कृतयुगाएवढी, म्हणजे १७,२८,००० वर्षांची. पंधरा संधी, बरोबर सहा महायुगे. १,००० ला १४ ने भाग जात नाही ही अडचण कुणीतरी बसून सोडवली आहे, हे इथे स्पष्ट दिसते.

हे आकडे वेदांत आहेत का?

या रूपात नाहीत. ऋग्वेदातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाबद्दल प्रश्न विचारते आणि उत्तर खुले ठेवते. दहाव्या मंडलाच्या शेवटाकडील एका सूक्तात विधात्याने सूर्य-चंद्र पूर्वीप्रमाणेच घडवले असा उल्लेख येतो. ‘पूर्वीप्रमाणे’ या शब्दावर पुढच्या भाष्यकारांनी चक्राकार सृष्टीचा अर्थ उभा केला. पण तिथे वर्षे मोजलेली नाहीत. ऋग्वेदात ‘युग’ हा शब्द जू, पिढी, कालखंड अशा अर्थांनी येतो. वेदांगज्योतिषातील युग तर फक्त पाच वर्षांचे आहे : ६२ चांद्रमास, त्यांत दोन अधिक. आणि कृत, त्रेता, द्वापर, कली ही मूळची फाशांच्या डावांची नावे. चाराचा डाव सर्वांत चांगला, एकाचा सर्वांत वाईट. युगांच्या लांबीचे ४ : ३ : २ : १ हे प्रमाण त्याच क्रमाचे आहे.

४,३२,००० ही संख्या मात्र जुनी आहे. शतपथ ब्राह्मणात ऋचांची अक्षरे १२,००० बृहती छंदांएवढी सांगितली आहेत. बृहतीची अक्षरे ३६, म्हणजे एकूण ४,३२,०००. बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस यानेही महापुरापूर्वीच्या राजांचा एकूण काळ ४,३२,००० वर्षेच दिला आहे. कुणी कुणाकडून घेतले यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. दोन्हीकडे आकाश मोजणारे लोक होते आणि दोन्हीकडे ६० आणि ३६० यांचे पाढे चालत होते, हे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

मग महायुग ४३,२०,००० वर्षांचेच का?

याचे उत्तर पुराणांपेक्षा ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत अधिक स्पष्ट मिळते. शनीला सूर्याभोवती एक फेरी घ्यायला साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास, गुरूला पावणेबारा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. हे ‘आसपास’ आणि ‘थोडा’ गणितात चालत नाही. दशांश अपूर्णांकांची पद्धत तेव्हा नव्हती. त्यावर उपाय म्हणून इतका मोठा काळ घ्यायचा की त्यात प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात मांडता येतील. आर्यभटाने एका महायुगात शनीच्या १,४६,५६४ आणि गुरूच्या ३,६४,२२४ फेऱ्या दिल्या. सूर्यसिद्धांतात त्या अनुक्रमे १,४६,५६८ आणि ३,६४,२२० आहेत. ४३,२०,००० ला शनीच्या फेऱ्यांनी भागले की त्याचा फेरीकाळ मिळतो, तोही आजच्या मापाच्या अगदी जवळचा. सूर्यसिद्धांतानुसार एका महायुगात १,५७,७९,१७,८२८ दिवस असतात. त्यावरून वर्ष निघते ३६५.२५८७५६ दिवसांचे. आजच्या नाक्षत्र वर्षाशी तुलना केली तर फरक साडेतीन मिनिटांहूनही कमी आहे.

शाळेतल्या गणितात अपूर्णांकांची बेरीज करताना समान छेद काढतात, महायुग हा ग्रहगणितातला तसाच समान छेद आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये मराठीत लिहिलेल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात वेगवेगळ्या सिद्धांतांतील या फेऱ्या, म्हणजे ‘भगण’, तुलनेसाठी मांडल्या आहेत. सव्वाशे वर्षांनंतरही या विषयाचा मराठी वाचक त्याच ग्रंथाकडे वळतो.

आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्यात वाद कशावरून?

आर्यभटाने स्वतःचा काळ कलियुगाच्या मोजणीतच सांगितला आहे. कलीची ३,६०० वर्षे सरली तेव्हा तो २३ वर्षांचा होता, म्हणजे इसवी सन ४९९. या मोजणीने कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीत येतो. त्या क्षणी सर्व ग्रह मेष राशीच्या आरंभी एकत्र होते असे गृहीत धरलेले आहे. आधुनिक गणिताने मागे जाऊन पाहिले तर तेव्हा ग्रह एका बिंदूवर नव्हते. तो क्षण कुणी आकाशात पाहिलेला नाही. पुढच्या काळातील गतींवरून उलटे मोजत तो निश्चित केलेला आरंभबिंदू आहे.

आर्यभटाने स्मृतींची चौकट वाकवली ती याच आरंभबिंदूसाठी. त्याने चारही युगे सारखी, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची धरली. मन्वंतर ७२ महायुगांचे केले आणि संधिकाळ काढूनच टाकले. कारण त्याच्या भगणांत दिसते. ग्रहांच्या फेऱ्यांना ४ ने नि:शेष भाग जातो. शनीच्या १,४६,५६४ भागिले ४ म्हणजे ३६,६४१. त्यामुळे महायुगाचा प्रत्येक पाव भाग संपताना ग्रह पुन्हा आरंभस्थानी येतात आणि तीन पाव सरल्यावर सुरू होणाऱ्या कलीला सगळे एकत्र सापडतात. स्मृतींप्रमाणे कली हा महायुगाचा शेवटचा दहावा हिस्सा. पण शनीच्या फेऱ्यांना १० ने भाग जात नाही.

ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त यावर कडक टीका केली. युगे सारखी धरणे हे स्मृतींना सोडून आहे, असे त्याचे म्हणणे. त्याने स्वतः महायुगाऐवजी पूर्ण कल्पच छेद म्हणून घेतला. मोठा छेद, म्हणजे अधिक बारीक मोजणी.

सूर्यसिद्धांताची वाट तिसरी आणि सर्वांत चतुर. त्याने स्मृतींची युगे, मन्वंतरे, संधी सगळे जसेच्या तसे ठेवले. या हिशेबाने कल्पाच्या आरंभापासून कलीच्या आरंभापर्यंत ४५६.७ महायुगे होतात. या ०.७ मुळे ग्रह एकत्र येत नाहीत. मग ग्रंथ सांगतो की चराचर सृष्टी घडवायला ब्रह्मदेवाला ४७,४०० दिव्य वर्षे, म्हणजे १,७०,६४,००० वर्षे लागली आणि ग्रह त्यानंतर चालू लागले. ही ३.९५ महायुगे वजा केली की उरतात ४५२.७५. फेऱ्यांना ४ ने भाग जातोच, त्यामुळे पाऊण महायुगाने गणित जुळते. ब्रह्मदेवाचा हा विलंब ऐकायला पौराणिक वाटतो, पण तो आहे हिशेबाच्या वहीतला.

पंचांगांतील आकडे का जुळत नाहीत?

आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. सहा मन्वंतरे, सात संधी, २७ महायुगे, अठ्ठाविसाव्यातील तीन युगे आणि कलीची ५,१२६ वर्षे यांची बेरीज १,९७,२९,४९,१२६ येते. हे कल्पारंभापासूनचे वय. सूर्यसिद्धांताप्रमाणे सृष्टिरचनेचा काळ वजा केला तर १,९५,५८,८५,१२६. स्वामी दयानंद सरस्वतींनी ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त संधिकाळ मोजले नाहीत, म्हणून आर्य समाजाचा सृष्टिसंवत १,९६,०८,५३,१२६ येतो. आर्यभटाच्या रीतीने मोजले तर १,९८,६१,२५,१२६. चार उत्तरे, त्यांतील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उत्तरात तीन कोटींहून अधिक वर्षांचा फरक. चौघांचेही शेवटचे अंक सारखे आहेत, कारण कलीच्या आरंभावर सगळ्यांचे एकमत आहे.

ते एकमत व्यवहारातही उतरले होते. दुसऱ्या पुलकेशीची कीर्ती सांगणारा ऐहोळे येथील शिलालेख शक ५५६ बरोबरच भारतयुद्धापासूनची ३,७३५ वर्षे नोंदवतो. शकात ३,१७९ मिळवले की हाच आकडा येतो. आजचा ५१२६ ही तसाच काढता येतो.

प्रलयात नेमके काय होते?

विष्णुपुराण प्रलयाचे प्रकार वेगळे करते. ब्रह्मदेवाचा दिवस संपला की नैमित्तिक प्रलय : सूर्याच्या दाहाने तिन्ही लोक जळतात, मग मेघ दाटतात, सारे जलमय होते आणि नारायण शेषावर निजतो. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी या एकाकी पाण्यात भटकताना दाखवले आहेत. त्यांना वडाच्या फांदीवर एक बालक दिसते आणि त्याच्या पोटात सगळे जग सुखरूप आढळते. ब्रह्मदेवाचे आयुष्य संपल्यावर होतो तो प्राकृतिक प्रलय. त्यात पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात असे एकेक तत्त्व ज्यातून आले त्यातच विरते. ज्ञानाने होणारा मोक्ष हा आत्यंतिक प्रलय. आणि रोजच्या रोज जीव मरतात तो नित्य प्रलय. ‘कलियुग संपले की जग संपणार’ असे सांगणाऱ्यांनी या यादीत आपला प्रलय शोधून पाहावा. कली संपल्यावर पुन्हा कृतयुग लागते, प्रलय नव्हे. शिवाय चालू कलीची ४,२६,८७४ वर्षे अजून शिल्लक आहेत.

सृष्टी पुन्हा पुन्हा का घडावी लागते?

यामागे तत्त्वज्ञानाची एक गाठ आहे. ब्रह्मसूत्रांत आक्षेप येतो की ईश्वराने सृष्टी केली असेल तर कुणी सुखी, कुणी दु:खी का. ईश्वर पक्षपाती आहे का? उत्तर दिले जाते की भेद ज्याच्या त्याच्या कर्मामुळे. पण पहिल्याच सृष्टीत पूर्वकर्म कुठून येणार? शंकराचार्य भाष्यात म्हणतात की संसार अनादी आहे, पहिली सृष्टी अशी नाहीच. बीज आणि अंकुराप्रमाणे ही मालिका मागे मागे जाते. म्हणजे चक्र ही नुसती भव्य कल्पना राहत नाही, कर्मसिद्धांताची ती गरज होते.

हे सर्वांना मान्य होते असेही नाही. मीमांसक कुमारिल भट्टाने सगळ्या जगाची एकदम उत्पत्ती आणि एकदम नाश ही कल्पनाच नाकारली. जग आज आहे तसेच नेहमी होते, हे त्याचे मत. जैन परंपरेत काळाचे चक्र चढते-उतरते आहे, पण सृष्टिकर्ता नाही. ‘शास्त्रात सांगितले आहे’ असे एकवचनी वाक्य या विषयात टिकत नाही.

कलियुगाच्या कल्पनेचा समाजावर परिणाम झाला का?

झाला, आणि तो आकड्यांपेक्षा जास्त बोचणारा आहे. युगागणिक माणसाची शक्ती आणि धर्म घटतो, म्हणून पूर्वी चालणाऱ्या काही गोष्टी कलीत चालणार नाहीत, अशी ‘कलिवर्ज्यां’ची यादी निबंधकारांनी केली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या तिसऱ्या खंडात तिची सविस्तर छाननी केली आहे. नियोग, अश्वमेध यांच्यासोबत या यादीत समुद्रप्रवास करून आलेल्या द्विजाला परत जातीत घेणे आणि विवाहितेचा पुनर्विवाह या गोष्टीही होत्या. विलायतेहून परतलेल्यांना एकोणिसाव्या शतकात प्रायश्चित्ते घ्यावी लागली त्यामागे ही यादी होती.

गंमत म्हणजे तिला उत्तरही कलियुगानेच दिले गेले. पराशरस्मृती ही खास कलियुगासाठी सांगितली आहे आणि ती ठरावीक आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा देते, हा ईश्वरचंद्र विद्यासागरांचा १८५५ चा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. विद्यासागरांचे पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर यावर जाहीर वाद झाला. शास्त्रार्थात सुधारकांची बाजू पडली. कली कोणता धर्म सांगतो या प्रश्नावर त्या दिवसांत पुण्या-मुंबईतल्या विधवांचे पुढचे आयुष्य टांगलेले होते.

लोकमान्य टिळकांचे मत काय होते?

‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या १९०३ च्या ग्रंथात टिळकांनी युगांचा वेगळा अर्थ लावला. मनुस्मृतीत आणि महाभारतात कृतयुगाची ४,००० वर्षे आणि त्यांचे संधी सांगितले आहेत. ती मुळात साधी मानवी वर्षे असावीत, असे त्यांचे मत होते. म्हणजे सगळे चक्र दहा-बारा हजार वर्षांचे. कलीची हजार-बाराशे वर्षे उलटून गेली तरी कृतयुग उगवेना, तेव्हा पुराणकारांनी त्या वर्षांना ‘दिव्य’ ठरवून ३६० ने गुणले, हे त्यांचे स्पष्टीकरण. आर्यांच्या उत्तरध्रुवीय मूलस्थानाचा त्यांचा मुख्य सिद्धांत आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. युगांविषयीचा हा तर्क मात्र अजून विचार करण्याजोगा आहे. ‘कलियुग संपले’ म्हणणाऱ्या अनेकांचा आधार आणखी वेगळा असतो : स्वामी युक्तेश्वर गिरी यांनी १८९४ मध्ये मांडलेले २४,००० वर्षांचे चक्र. ते पुराणांतील हिशेबाशी जुळत नाही, आणि तसा त्यांचा आग्रहही नव्हता. पंचांगकर्ते चुकले असेच त्यांचे म्हणणे होते.

आधुनिक विज्ञानाशी हे जुळते का?

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, विश्वाचे सुमारे १,३८० कोटी. कल्प ४३२ कोटींचा, म्हणून तो पृथ्वीच्या वयाशी जोडला जातो. पण ४३२ कोटी हे कल्पाचे वय नाही, त्याची एकूण लांबी आहे. वय विचारले तर परंपरेचे स्वतःचे उत्तर १९५ ते १९८ कोटी आहे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या निम्म्याहूनही कमी. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचा हवाला हमखास दिला जातो. ‘कॉसमॉस’ या १९८० च्या मालिकेत त्यांनी हिंदू परंपरेतील कालमाने आधुनिक विश्वशास्त्राच्या मापांजवळ जातात असे कौतुकाने म्हटले होते. त्याच वाक्यात हे नि:संशय योगायोगाने घडले, असेही ते म्हणाले होते. संदेशांतून नेमका तेवढाच भाग गळतो.

चक्राकार विश्वाची प्रारूपे आजचे भौतिकशास्त्रज्ञही मांडतात. रॉजर पेनरोज यांचे प्रारूप त्यांतील एक. पण त्यांचे आधार गुरुत्वाकर्षणाची समीकरणे आणि विश्वातील पार्श्वप्रारणाची मोजमापे हे आहेत आणि ती निरीक्षणांनी खोटी ठरू शकतात. सिद्धांतकारांचा मार्गही याहून फार निराळा नव्हता. ग्रह गणिताप्रमाणे दिसेना की ते भगणांत ‘बीजसंस्कार’ नावाची दुरुस्ती करत, कारण पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण एकाच वेळी लागणे ही त्यांची कसोटी होती.